तबक पोचेपर्यंत

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार. कोजागिरी.

मराठी मंडळाच्या गच्चीवर दूध झालं. चारोळी कमी, साखर जास्त. दूध हातात येण्याआधी आरती झाली आणि मला पुन्हा एकदा लाज वाटली. आमच्या मंडळाची आरती म्हणजे एका चौकात घुसलेल्या चार वराती. नागपूरकडचे टाळ्या दुप्पट करतात. फॅक्टरीत बदलून आलेले पुण्या-नाशकाकडचे, त्यांना गाडी चुकणार असल्यासारखी घाई. रेल्वेवाले मधलं एक कडवं गाळतात आणि गाळलं हे कबूल करत नाहीत. आणि जुने लोक, म्हणजे मराठ्यांच्या चाकरीत सागरकडून इथे जबलपुरात आलेल्यांचे वंशज, आमच्या अनसूयाकाकूंचं घराणं, ते शेवटचा शब्द धरून बसतात. बाकीचे दूध प्यायला लागले तरी यांचा शब्द चालूच.

मी तिथल्या तिथे बापूसाहेबांना गाठलं. ते मंडळाचे अध्यक्ष, सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त, अजून प्रत्येक गोष्टीवर शेरा मारतात.

"बापूसाहेब, या दत्तजयंतीला शेवटची आरती मला द्या. चार आवाजांत बांधून देतो. नवे शब्द, नवी चाल."

"चिंतामण, पंधरा वर्षं तू हेच सांगून राहिलास."

"पंधरा वर्षं तुम्ही नाही म्हणून राहिलात."

ते हसले. "अच्छा, किती माणसं लागतात तुझ्या त्या प्रकाराला?"

"एका आवाजाच्या ओळीला तीन. चार ओळी. बारा."

"चलो, मग बारा. तूच म्हणालास. बारा उभे दिसले तर गा. अकरा दिसले की मी माइक घेऊन नेहमीची आरती सुरू करणार. आणि सात मिनिटं. लोकांना प्रसादाची घाई असते."

मंजूर म्हटलं. घरी येताना ज्योती म्हणाली, "खरंच दिली का हो त्यांनी?" मी म्हटलं, दिली नाही, मी घेतली.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

ही दैनंदिनी कामापुरती आहे, तेव्हा हे माझ्याकडे कुठून आलं ते एकदाच लिहून ठेवतो. पुढे कोणी विचारलं तर घोळ नको.

वडील रेल्वेत फिटर. आमच्या क्वार्टरची मागची भिंत आणि चर्चचं आवार एकच. शनिवारी संध्याकाळी तिथे गाण्याची तालीम चालायची आणि मी भिंतीवर बसायचो. शब्द कळत नव्हते. पण एकदा अचानक कळलं की आत चार वेगवेगळी गाणी चालली आहेत आणि भांडण होत नाहीये. आमच्या घरात दोन माणसं एका वेळी बोलली तरी भांडण व्हायचं. मी भिंतीवरून उतरलो तो वेगळाच माणूस होऊन.

सगळ्यात खालचा आवाज एका रेल्वे गार्डचा होता. त्याच्या वाट्याला चार-पाच सूर, तेही संथ. पण तो हलला की वरचं सगळं घर हलायचं. तेव्हापासून माझी पद्धत ठरली: आधी खर्जाची ओळ. लोक आधी चाल बांधतात आणि मग तिला खाली टेकू देतात. मी पाया भरतो, मग भिंती, चाल सगळ्यात शेवटी, कौलासारखी.

मला कोणी शिकवलं नाही. हार्मोनियम जुना घेतला, उघडला, परत जोडला, मग वाजवला. रद्दीच्या दुकानात एक बिनपुठ्ठ्याचं इंग्रजी पुस्तक मिळालं, त्यातून विलायती स्वरलेखन शिकलो. त्यात नियम होते, कारणं नव्हती. कारणं मी स्वतः शोधली. शेवटी ते लेखनही सोडलं आणि माझं केलं: ग्राफपेपर, एक चौकोन म्हणजे एक मात्रा, एकाखाली एक सरगमच्या चार ओळी. कुठला सूर कुठल्या सुराच्या डोक्यावर उभा आहे ते लहान पोरालाही दिसावं.

मराठीत असं गाणं बांधणारा दुसरा माणूस जबलपुरात असेल तर त्याने समोर यावं.

१२ ऑक्टोबर, रविवार.

मंडळाच्या वाचनालयात आवाजांची परीक्षा घेतली. अपेक्षेपेक्षा गर्दी.

फॅक्टरीत मी गेज विभागात आहे. भोकाचं माप तपासायला आमच्याकडे एक दांडी असते. तिचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. पहिलं गो, दुसरं नो-गो. मध्ये काही नसतं. 'साहेब, थोडंसंच आहे' असं म्हणणाऱ्याला मी आजवर पास केलेलं नाही. आवाजांनाही तेच लावलं. हार्मोनियमवर षड्ज द्यायचा, माणसाने सूर धरायचा, मग मी भाता थांबवायचा. सूर एकटा पडला की माणूस कळतो. थोड्या वेळाने पुन्हा पट्टी दाबायची. जुळला तर आत.

ज्योतीही रांगेत होती. लेकीच्या, अवंतीच्या लग्नातली निळी महेश्वरी नेसून आली होती. परीक्षेला एवढी चांगली साडी काहून, कळलं नाही. तिचा आवाज गोड आहे, खालच्या पट्टीत भरीवही आहे. पण भाता थांबला आणि ती उतरली. केसाइतकी. केसाइतकं उतरणं म्हणजे उतरणंच. सगळे माझ्याकडे बघत होते. स्वतःच्या बायकोला सूट दिली असती तर उद्या कोणाला काय तोंड दाखवलं असतं? नियम सगळ्यांना एक. नाही म्हटलं.

ती "बरं" म्हणाली. मग विचारलं, "किती कप चहा ठेवू?"

चहा उत्तम झाला होता. आलं नेमकं.

बारा जण निवडले. पहिली ओळ, उंच बायकी आवाज: हर्षा आणि दोघी. हर्षा शाळेत शिकवते, आवाज खणखणीत, जीभही. दुसरी ओळ, बायकांचा खालचा आवाज: अनसूयाकाकू, त्यांची पुतणी प्रणाली, आणि फॅक्टरी क्वार्टरातल्या मुळेबाई. तिसरीत विपुल आणि दोघे. चौथीत तीन खर्जवाले, तिघेही पेन्शनर. बारा म्हणजे बारा.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.

शब्द मीच लिहिले. दत्ताच्या मूर्तीपुढे उभं राहिलं की मला लहानपणापासून एक प्रश्न पडतो: तीन तोंडं तीन दिशांना, मग चौथ्या दिशेला कोण बघतं?

तीन दिशांना तुझी मुखे रे
चौथ्या दिशेला आम्ही उभे
मागे कोणी राहिले तर
वळून पहा रे, वळून पहा

शेवटचा 'पहा' आठ मात्रा धरायचा आणि चाकूने कापल्यासारखा बंद.

मग आवाजांच्या ओळी बांधायला घेतल्या. खर्ज झाला. तिसरी ओळ झाली. दुसरी ओळ काही केल्या येईना. चार दिवस ग्राफपेपर कोरा. आज ज्योती चकल्या तळत होती आणि तळताना नेहमीसारखं काहीतरी गुणगुणत होती. मी म्हटलं, "जरा गप्प राह ना, मला सुचून राहिलंय."

ती गप्प झाली. आणि काय आश्चर्य, ताबडतोब सगळी ओळ सुचली! हळूहळू खाली येते, पायरीवर टेकल्यासारखी रेंगाळते आणि जिथून वळेल असं वाटत नाही तिथून वळून वर जाते. इतकी सहज ओळ मला आजवर सुचली नव्हती. रेंगाळणं जरा जास्त वाटलं, तिथल्या दोन मात्रा कापून चौकोनात बसवली. शांततेची किंमत लोकांना कळत नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

ज्योतीने ओवाळलं. ओवाळणीत दरवर्षी साडी किंवा पाकीट. या वेळी विचार करून वस्तू आणली: सूर तपासायचं यंत्र, डबीत मावणारं. सूर लावला की काटा दाखवतो, चढा की उतरलेला. म्हटलं, रोज पंधरा मिनिटं सराव केलास तर पुढच्या वर्षी बसशील.

तिने डबी उघडून बघितली, बंद केली. "तुम्ही स्वतः जाऊन आणलं?" म्हणाली.

"मग? ऑर्डर करून चुकीचं आलं असतं."

"हो, ते बरोबर." आणि आत गेली. आवडलं असावं.

२ नोव्हेंबर, रविवार.

तालीम. गाणं बिनसाथीचं आहे, हे कोणाला पटत नाही. सुरुवातीला एकदा षड्ज मिळणार, मग हार्मोनियमचं झाकण बंद. खर्जवाल्यांतले एक म्हणाले, "म्हणजे शिडी लावून चढवायचं आणि मग शिडी काढून घ्यायची?" मी म्हटलं, बरोबर समजलात.

विपुल रिछाईच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. जन्म इथला, मराठी समजते, बोलताना अडखळतो. मी शब्दांचा अर्थ विचारला तर म्हणाला, "काका, मतलब ये कि भगवान तीन तरफ देख रहे हैं, और पीछेवाला पूछ रहा है, मेरा क्या?" हर्षा म्हणाली, "पीछेवाला माने तू. सगळ्यांच्या मागून येतोस, दोन मात्रा." सगळे हसले. मीही हसलो असतो, पण तो खरंच दोन मात्रा मागे होता.

दुसरी ओळ सगळ्यात वाईट. शेवटच्या 'पहा'ला मी मूठ बंद केली, तिन्ही ओळी थांबल्या आणि काकूंची ओळ चालूच. पुन्हा घेतलं. पुन्हा चालूच.

९ नोव्हेंबर, रविवार.

पुन्हा तेच. मी विचारलं, "काकू, मूठ दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसते ना. मोतीबिंदू काढलाय माझा."

"मग थांबत काहून नाही?"

काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. "चिंतामणा, आमच्या घरात आरतीचं तबक शेवटच्या माणसापर्यंत पोचल्याशिवाय सूर सोडत नाहीत. दारातला गडी, अंगणातला भिक्षेकरी, कोणी असो. त्याने आरती घेतली की मगच तोंड बंद. माझी सासू तर मांजरापर्यंत थांबायची. आता साठ वर्षांची सवय, तुझ्या मुठीने जाते होय?"

"तालमीत तबक नाही, काकू. इथे आठ मात्रा आहेत."

"बरं बा, आठ तर आठ," म्हणाल्या, आणि पुढच्या खेपेला पुन्हा धरून बसल्या. वर, "तुझी मूठ दुखत असेल तर खाली ठेव."

सवयीला लोक रीत म्हणतात आणि मग तिला हात लावता येत नाही. मी लावणार. दत्तजयंतीपर्यंत ही ओळ कापून सरळ करणार म्हणजे करणार. विपुलने सगळ्यांना खोव्याची जलेबी आणली होती. मी घेतली नाही, तालमीत तेलकट हात नकोत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

सकाळची पाळी, दुपारी घरी आलो तर कुलूप. या आठवड्यात तिसऱ्यांदा. ज्योती कांचघरच्या बाजारात भाजीला जाते म्हणते. पाच वाजता आली. पिशवीत पावशेर मेथी आणि दोन मुळे.

"एवढ्याला एवढा वेळ?"

"निवडून घेते मी. तुमच्यासारखीच."

हे मात्र चांगलं. इतक्या वर्षांनी माझी सवय तिला लागली.

पाडव्याला दिलेली डबी देवघरात दिसली. उघडली तर आत फुलवाती. यंत्र कुठे विचारलं तर "आहे कुठेतरी."

१६ नोव्हेंबर, रविवार.

नोंद करण्यासारखी गोष्ट. दुसरी ओळ सुधारली! नुसती बरोबर नाही, सुंदर. काकू, प्रणाली आणि मुळेबाई, तिघी एका श्वासाने गात होत्या. मी कापलेल्या दोन मात्रा तेवढ्या परत घुसल्या आहेत, त्या रेंगाळतातच, आणि शेवटचा 'पहा' अजूनही सुटत नाही. पण बाकी ओळ अशी आली की पहिल्या ओळीवाल्या स्वतःचं गाणं विसरून यांच्याकडे बघत राहिल्या.

हे शिस्तीचं फळ. मी तिघींना तसं बोललोही. प्रणाली काकूंकडे बघून हसली. काकू म्हणाल्या, "हो, शिस्तच ती. दुपारची." अर्थ लागला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार.

मुळेबाई गेल्या. म्हणजे नागपूरला, मुलीच्या बाळंतपणाला. दिवस आधीच भरले. त्यांचा इलाज नाही. अकरा उरले.

लगेच मंडळात निरोप फिरवला आणि संध्याकाळपर्यंत पाच जणींना तपासलं. पाचही नो-गो. एक तर षड्ज मिळाल्यावर "कौन सा वाला?" म्हणाली.

सगळे गेल्यावर काकू मागे थांबल्या. "ज्योतीला घे."

"काकू, तिची परीक्षा झाली आहे."

"मग माझीही घे परत. मला ही ओळ कोणी शिकवली वाटतं तुला? तुझ्या त्या चौकटीच्या कागदाने? दोन आठवडे होत आले, दुपारी माझ्या घरी येऊन राहिली ती. आम्हा तिघींना समोर बसवून घेते. एकदा नाही ओरडली."

मी म्हटलं, तिला ओळ कुठून येणार? ती तर तालमीला नसते.

 काकू म्हणाल्या, "काहून रे, ही ओळ ज्योतीचीच आहे ना? भाजी निवडताना म्हणते ती. तिच्या आईची असावी. आम्हाला वाटलं, तू मुद्दाम बायकोची ओळ घेतलीस. आम्ही तर कौतुक करत होतो तुझं."

मी म्हटलं, योगायोग असेल. सूर सातच आहेत.

"हो, सातच," काकू म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या. मग दारातून, "तुझ्या त्या दांडीला कान आहेत का रे?"

योगायोगच असणार. मी ती सतरा तारखेला शांततेत लिहिली.

सतराची नोंद काढून वाचली. चकल्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

फॅक्टरीत दिवसभर लक्ष लागलं नाही. एक माप दोनदा घ्यावं लागलं, असं माझ्या बाबतीत होत नाही.

संध्याकाळी ज्योती वाती वळत बसली होती. मी समोर बसलो. सरळ विचारलं. "बाराव्या जागेवर तू येशील का?"

"नाही."

"ओळ तुला येते. काकूंनी सांगितलं."

"ओळ येते. पण मी नो-गो आहे ना?" वात बोटांवर फिरत होती, ती वर बघत नव्हती. "मध्ये काही नसतं, तुम्हीच म्हणता."

"माझी अडचण झाली आहे, ज्योती. बारा नसतील तर बापूसाहेब गाऊच देणार नाहीत. पंधरा वर्षं..."

"तुमची अडचण झाली म्हणून मी पास?" आता तिने बघितलं. "तेव्हा सगळ्यांसमोर होते मी. सकाळपासून घसा शेकला होता. तुम्ही आधी घरी एकदा म्हणायला सांगितलं असतं तर घरीच कळलं असतं ना मला, की मी नाही. साडी तरी नेसले नसते."

मी समोरचा कापूस तिच्याकडे सरकवला. 

"दत्तजयंतीला मी तबक फिरवते," ती म्हणाली. "काकूंचे गुडघे चालत नाहीत आता, त्यांनी मला सांगितलंय. ते काम परीक्षा न देता मिळतं."

मग जेवायला वाढलं. मेथीची भाजी. मीठ बरोबर होतं. तिच्या हातचं मीठ कधी चुकत नाही आणि मी तिला माप वापरताना कधी पाहिलेलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार.

शेवटची मोठी तालीम. अकरा. हर्षा म्हणाली, सर, माझ्या नणंदेला नुसती उभी करते, ओठ हलवेल, कोणाला कळणार आहे? विपुल म्हणाला, "काका, गिनती ही तो करनी है." मी नाही म्हटलं. नुसते ओठ हलवणारा माणूस माझ्या गाण्यात उभा राहणार नाही. बारा म्हटलं ते मीच म्हटलं. जमले नाहीत, तर जमले नाहीत हे सांगायची हिंमतही माझीच पाहिजे.

पण तालीम थांबवली नाही. उरलेल्या दिवसांत रोज संध्याकाळी बोलावलं आहे. विपुलने विचारलं, गायचंच नसेल तर रोज कशाला? मी म्हटलं, गायला मिळेल की नाही ते बापूसाहेब ठरवतील. कसं गायचं ते आपण ठरवायचं. थंडी कडक पडली आहे, तरी अकराही येतो म्हणाले.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती.

सगळं क्रमाने लिहितो.

तिन्हीसांजेला पाळणा झाला. मंदिर भरून लोक पायऱ्यांवर, पायऱ्या भरून रस्त्यावर. आम्ही मूर्तीच्या उजव्या हाताला उभे, माझी पाठ लोकांकडे, हे ओघानेच आलं. बापूसाहेब माइक घेऊन आले आणि बोट नाचवत मोजू लागले.

"अकराच आहेत," मी म्हटलं. "मोजू नका."

"चिंतामण..."

"बारावी येऊन राहिली," मागून काकू म्हणाल्या. "तबक पेटवून राहिली तिकडे, दिसत नाही का?"

"ती गाणार?"

"काकू, ती गाणार नाही," मी म्हटलं. "तिने मला सांगितलंय. बापूसाहेब, अकराच."

"तू गप्प बस रे, सूर दे आधी! एवढा मोठा झाला तरी कधी काय बोलावं कळत नाही." आणि बापूसाहेबांना, "तबकवाली आरतीत धरतात की नाही? सांगा, तुमच्या हिशेबात काय लिहिता?"

बापूसाहेबांनी तबकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांना हसू आवरत नव्हतं असं मला वाटतं. "तबकवाली धरतात," म्हणाले आणि माइक बंद करून खिशात घातला.

मी षड्ज दिला. झाकण बंद केलं. हात उचलला.

खर्ज निघाला. तीन पेन्शनर, पण तो गार्ड तिथे असता तर भिंतीवरून उतरून त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला असता. नाही, भिंतीवर मी होतो. असो. मग तिसरी ओळ. विपुल वेळेवर आला, पहिल्यांदाच. मग दुसरी, तिच्या त्या रेंगाळण्यासकट, आणि मला आज ते थांबवावंसं वाटलं नाही. मग वर हर्षा. मागची कुजबुज बंद झाली. एका पोराच्या पिपाणीचा आवाज येत होता, तोही थांबला.

'मागे कोणी राहिले तर' या शब्दांना मला दिसलं की अकराही जणांचे डोळे माझ्या हातावर नाहीत. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. तबक फिरत होतं, ते त्यांना दिसत होतं, मला नाही. मी हात मोठा केला. कोणी बघेना.

शेवटचा 'पहा' आला. आठ मात्रा मोजल्या, मूठ बंद केली. पहिली, तिसरी, चौथी ओळ थांबली. काकू आणि प्रणाली थांबल्या नाहीत.

मला राग आला, हे लिहून ठेवतो. मूठ तशीच हवेत. दोघी गातच होत्या, एकीचा श्वास संपला की दुसरी उचलत होती. डोळे माझ्यामागे, दूर. मग विपुल माझ्याकडे न बघता पुन्हा आत आला. मग खर्ज. मग हर्षा. मी न सांगता सगळे त्या 'आ'वर परत उभे राहिले. नंतर कळलं, तबक तेव्हा पायऱ्यांखाली होतं. चपला सांभाळणारा म्हातारा, मग चौकीदार, मग रस्त्यापलीकडचा फुटाण्याच्या गाडीवाला, त्याने शेगडीवरची कढई उतरवून, हात पुसून आरती घेतली. तोवर हे धरून होते.

मी मूठ उघडली. दुसरं काय करणार होतो?

आणि मग मागून एक आवाज आला. दुसऱ्या ओळीचा. लांबून, हळूहळू जवळ. लोकांच्या मधून वाट काढत येणाऱ्या माणसासारखा. गाणाऱ्यांच्या नजरा जवळ जवळ येत गेल्या आणि शेवटी माझ्या पाठीवर थांबल्या.

तेव्हा लक्षात आलं. आरती सगळ्यांना मिळाली होती. पाठ करून उभा होता तो एकटाच राहिला होता.

वळलो. ज्योती तबक घेऊन उभी होती, गात होती, त्यामुळे 'घ्या' म्हणता येत नव्हतं. भुवयांनी म्हणाली. निळी महेश्वरी नेसली होती. मी तबकातल्या ज्योतीवर हात धरले आणि डोळ्यांना लावले. हात थंड होते, चटका जास्त लागला.

मग तिने सूर सोडला. तिच्याबरोबर सगळ्यांनी सोडला. बंद कोणी केला नाही, आणि इतका एकत्र बंद आम्हाला तालमीत एकदाही जमला नव्हता.

बापूसाहेब प्रसाद घेऊन आले. "सात मिनिटं म्हणालो होतो. बरीच जास्त झाली."

"किती?"

"अरे, मोजत होतो. मग तबक आलं."

लोक पांगल्यावर सवयीने हार्मोनियमचं झाकण उघडलं, शेवटचा सूर कानात धरून ठेवला होता तो पट्टीवर ताडून पाहिला. सगळा मेळ उतरला होता. केसाइतका. शिडी काढली की माणसं थोडी खाली येतात, एकजात सगळी. ज्योती मागून आली ती थेट तिथे, जिथे बाकीचे पोचले होते. ऑक्टोबरात ती एकटी तिथे उभी होती आणि मी हातात दांडी घेऊन समोर.

झाकण लावलं. कोणाला सांगितलं नाही. घरी येताना ज्योतीला सांगितलं.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "तुमचा चेहरा बघूनच."

५ डिसेंबर, शुक्रवार.

रजा. शेवटचं पान नव्याने लिहिलं. 'पहा'पुढचे आठ चौकोन खोडले, तिथे लिहिलं: तबक पोचेपर्यंत. हे चौकोनात मावत नाही, समासात गेलं.

दुसरी ओळ ज्योतीकडून म्हणून घेतली, तिने दोन मात्रा जिथल्या तिथे परत घालून दिल्या. आणखी एक सूर मी चुकीचा ऐकला होता, तोही सांगितला. बरोबर होतं तिचं. त्या ओळीच्या डोक्यावर तिच्या आईचं नाव लिहू का विचारलं. "आईची नाही," म्हणाली, "माझीच आहे. काकूंना काहीही वाटतं." मग तिचं लिहिलं, शाईने.

ती उद्यापासून भाजीला जाणार नाही. रविवारी तालमीला येणार. तिची अट अशी की हार्मोनियमचं झाकण उघडायचं नाही आणि चहा मी करायचा. बारा जणांचा, म्हणजे मी धरून तेरा. मुळेबाई परत आल्या की चौदा.

आलं किती घालायचं, विचारलं.

म्हणाली, "अंदाजाने."

लिहून ठेवलं.